सीटिंग डेप्थसारखं काही .२२ मध्ये करता येतं का? (५० मीटर प्रोन)

रंकाळा_प्रोन

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, ५० मीटर प्रोन, म्हणजे पोटावर पडून, मारतो, .२२ ची मॅच रायफल हाय, स्टेटपर्यंत जाऊन आलोय. प्रश्न जरा लांबडा हाय पण पूर्ण वाचा म्हणजे काय विचारतोय ते कळंल.

माझा मावसभाऊ टेक्सासला असतो. त्याच्याकडं ६.५ क्रीडमूरची बोल्ट रायफल हाय आणि तो राउंड, म्हणजे काडतूस, स्वतः घरी भरतो, तिकडं ते कायद्यात बसतं. परवा व्हिडिओ कॉलवर त्यानं मला सगळं दाखवलं. केस तीच, पावडर तीच आणि तेवढीच, बुलेट तीच, फक्त बुलेट केसमध्ये किती आत बसवायची (ह्यालाच सीटिंग डेप्थ म्हणतात) ते डायचा, म्हणजे बुलेट बसवायच्या साच्याचा, स्क्रू फिरवून थोडं थोडं बदलत गेला आणि १०० यार्डावर तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचे भोकांचे झुबके, पार बदलले की. एक ग्रुप दोन बोटं रुंद आणि दुसऱ्यात तिन्ही भोकं एकमेकांत गेलेली. बदल किती तर म्हणे एक मिलिमीटर पण न्हाई.

तवापासून माझ्या डोक्यात तेच फिरतंय. माझा ग्रुप आडवा बरा हाय पण उभा पसरतोय, शॉट सुटताना कॉल, म्हणजे शॉट कुठं गेला असंल त्याचा माझा अंदाज, १०.५ चा असतो आणि स्क्रीनवर ९.९ दिसतं, ते पण वर न्हाईतर खाली. पोझिशन कोचनी बघितली, ट्रिगर बघितला, बेडिंगचे (रायफल स्टॉकला आवळायचे) स्क्रू बघितले. तर मला विचारायचंय की (एक) एवढ्याशा फरकानं एवढं का बदलतं, (दोन) .२२ च्या राउंडमध्ये बुलेट जराशी दाबून किंवा ओढून हे करता येतंय का, कारण रेंजवर एकानं मला तसं सांगितलंय, आणि (तीन) येत नसंल तर माझ्या हातात नेमकं काय हाय.

नीलिंग_ताई

आधी दोन नंबरचं उत्तर देते कारण ते तातडीचं आहे. रेंजवरच्या त्या माणसाचा सल्ला डोक्यातून काढून टाक. .२२ ची बुलेट दाबायची नाही आणि ओढायची पण नाही.

तुझ्या भावाच्या सेंटरफायर राउंडमध्ये (प्रायमर केसच्या बुडाच्या मधोमध असतो तो प्रकार) बुलेट केसच्या गळ्यात सरळ नळीत बसवल्यासारखी बसते म्हणून ती वरखाली करता येते. .२२ एलआरचं बांधकामच वेगळं. बुलेट बाहेरून केसएवढीच जाड असते, फक्त तिचा मागचा भाग थोडा बारीक केलेला असतो, त्याला हील म्हणतात, तेवढाच आत जातो आणि केसचं तोंड त्यावर क्रिम्प करून दाबलेलं असतं. तू दाबलीस की क्रिम्प सैल होणार, शिसं मऊ असल्यानं नाक चपटं होणार, वरचं मेण निघणार आणि बुलेट तिरकी होणार, म्हणजे ज्या गोष्टींचे कारखाना पैसे घेतो त्या सगळ्या तू घरी बसून मोडणार. शिवाय आत दारू अगदी थोडी असते, जागा कमी झाली की प्रेशर वाढतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे .२२ मध्ये प्रायमिंग कंपाउंड (ठोकर बसली की पेटणारा मसाला) रिममध्ये, म्हणजे केसच्या बुडाच्या कडेत, भरलेलं असतं. रिम पकडून वरून दाब दिला तर राउंड हातात फुटू शकतो. मी हे घाबरवायला सांगत नाहीये, खरंच करू नकोस.

आता दुसरी गोष्ट, जी तुझ्या भावाला कदाचित माहीत नसेल. मॅच चेंबरमध्ये (नळीतली राउंड बसायची जागा) .२२ चा राउंड घातला की बुलेटचा पुढचा भाग रायफलिंगला, म्हणजे नळीच्या आतल्या पिळाच्या खाचांना, टेकतोच. बोल्ट बंद करताना शेवटी जो हलका विरोध लागतो तो तोच. न मारलेला राउंड बाहेर काढून बघितलास तर शिशावर बारीक खुणा दिसतील. म्हणजे भाऊ जे अंतर स्क्रूनं शोधतोय ते तुझ्या रायफलमध्ये चेंबर कापणाऱ्यानं आधीच ठरवून दिलंय. तुझ्या हातात उरते बॅच, म्हणजे लॉट, एका वेळी बनलेला माल. तुझ्या बॅरलला कुठला लॉट आवडतो ते शोधणं हेच आपलं सीटिंग डेप्थ आहे असं समज.

एकाच नावाच्या डबीत दोन लॉट वेगवेगळे मारतात हे नवीन पोरांना पटत नाही, पण रोज दिसतं. ईली या काडतूस कंपनीच्या डबीवर तर बॅचचा वेगसुद्धा छापलेला असतो आणि तरी वेग सारखा असलेले दोन लॉट एकाच रायफलमधून सारखे जात नाहीत. म्हणूनच ईली बर्मिंगहॅमला आणि लापुआ जर्मनीत शोनेबेकला टेस्ट रेंज चालवतात, नेमबाज आपली रायफल घेऊन जातो, ती क्लॅम्पमध्ये बांधतात, एकामागून एक लॉट मारून बघतात आणि चांगला निघाला तो उचलतात.

आपल्या तेजस्विनी सावंतनी २०१० ला म्युनिकला प्रोनमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड घेतलं तेव्हा ६०० पैकी ५९७ होते. साठ शॉटमध्ये तीन गुण गेले. आता तर प्रोन डेसिमलवर मोजतात, साठ शॉटचे जास्तीत जास्त ६५४.०, तिथं अ‍ॅम्युनिशनच दोन-तीन दशांश खात असेल तर पोझिशन कितीही घोटून काय उपयोग.

उद्यमनगर_थाऊ

ताईंनी .२२ चं सगळं सांगितलंच, मी पहिल्या प्रश्नाबद्दल लिहितो. मी काही वर्षं कॅनडात कामाला होतो, तिथं क्लबात लायसन घेऊन .३०८ भरायचो आणि मारायचो. आता परत उद्यमनगरात आमच्या शॉपवर आहे, त्यामुळं हे सगळं मला थाऊमध्येच सुचतं. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, पंचवीस मायक्रॉन धरा.

चेंबरच्या पुढं थोडी मोकळी जागा असते, थ्रोट, आणि तिथून रायफलिंगचे उंच पट्टे सुरू होतात, त्यांना लँड म्हणतात. राउंड चेंबरमध्ये असताना बुलेटचा जाड भाग आणि लँडची सुरुवात यांच्यातलं अंतर म्हणजे जंप. सीटिंग डेप्थ बदलणं म्हणजे ही जंप बदलणं. लोक कॅलिपरनं राउंडची पूर्ण लांबी मोजतात, पण बुलेटचं टोक कधीच एकसारखं नसतं, एकाच डबीतल्या बुलेटांत टोकाला काही थाऊंचा फरक सहज मिळतो. लँडला टोक लागत नाही, ओजाईव्हचा, म्हणजे नाकाच्या वळणाचा, जाड भाग लागतो, म्हणून कॅलिपरला कम्पॅरेटर (ओजाईव्हवर बसणारं माप) लावून केसच्या बुडापासून ओजाईव्हपर्यंत मोजायचं. तुझ्या भावाला विचार तो कुठून मोजतोय. टोकापासून मोजत असेल तर त्याचे अर्धे निष्कर्ष त्या टोकातच गेले.

एवढ्याशा फरकानं का बदलतं तर दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे बुलेट लँडमध्ये सरळ शिरते का. भोकात टॅप (आटे पाडायचं हत्यार) पहिल्या आट्याला तिरका लागला तर पुढं कितीही जोर लावा, आटे तिरकेच पडतात, बुलेटचं तसंच आहे. केसचा गळा एका बाजूला जाड असेल, बुलेट रनआउटनं, म्हणजे केसच्या मध्यरेषेला जराशी तिरकी, बसली असेल तर मोठ्या जंपमध्ये तिला तिरकं व्हायला जागा मिळते. बुलेटच्या आकारावर पण आहे, साध्या टँजंट ओजाईव्हच्या बुलेट जंप जास्त असली तरी सांभाळून घेतात, लांब नाकाच्या सेकंट ओजाईव्हवाल्या जास्त नखरे करतात. दुसरी गोष्ट प्रेशरची. बुलेट लँडला टेकलेली असेल तर ती हलायच्या आधीच प्रेशर जास्त चढतं, जंप असेल तर ती आधी मोकळी सुटते, मग लँडला लागते. त्यामुळं बुलेट नळीत किती वेळ राहते ते थोडं बदलतं, आणि शॉट सुटला की नळी थरथरत असते, तोंड वर किंवा खाली जाताना बुलेट बाहेर पडली तर ग्रुप उभा पसरतो, तोंड थांबून दिशा बदलताना पडली तर जमतो. यातलं किती नळीच्या थरथरीमुळं आणि किती सरळ शिरण्यामुळं यावर लोक भांडत बसतात, मला स्वतःला सरळ शिरण्याचा भाग मोठा वाटतो, कारण माझ्याकडं केसचे गळे एकसारखे केले की सीटिंगचे नखरेच कमी व्हायचे.

धोका पण सांगतो, भावाला पाठवा. बुलेट लँडमध्ये रुतवून बसवली तर प्रेशर वाढतं, म्हणून तिथं पावडर कमी करून सुरुवात करायची, आधीच वरच्या टोकाला असलेला लोड घेऊन बुलेट पुढं सरकवायची नाही. आणि रुतवलेला राउंड न मारता काढला तर बुलेट नळीत राहून केस तेवढी बाहेर येते, सगळी पावडर अ‍ॅक्शनमध्ये सांडते. उलट फार आत बसवली तर केसमधली जागा कमी होते, तिथंही प्रेशर वाढू शकतं. मॅगझिनमध्ये मावेल का ते वेगळंच. आणि एकदा नंबर सापडला म्हणजे कायमचा नाही, थ्रोट झिजतो, लँड पुढं सरकतात, परत मोजावं लागतं.

पायऱ्या फार बारीक घेऊ नका. बर्गरवाल्यांनी (बुलेट बनवणारी कंपनी) त्यांच्या लांब नाकाच्या व्हीएलडी बुलेटसाठी जो प्रयोग सांगितलाय त्यात लँडमध्ये १० थाऊ, मग लँडच्या मागं ४०, ८० आणि १२० थाऊ अशा मोठ्या उड्या आहेत. आधी कुठला पट्टा चांगला ते बघायचं आणि मग त्याच्या आसपास बारीक जायचं. पहिल्याच दिवशी तीन-तीन थाऊनं चालणारे लोक बुलेट संपवतात आणि हाती काही लागत नाही.

गणिताचा_नाद

वरच्या दोघांशी सहमत पण तीन गोळ्यांच्या ग्रुपवर कुणीच काही बोललं नाही आणि माझ्या मते खरी गोम तिथंच आहे.

रायफल तीच, राउंड तेच, मारणारा तोच, काहीही न बदलता तीन-तीनचे ग्रुप मारत रहा. काही एकाच भोकात जातील, काही तिप्पट मोठे येतील. हे नशीब आहे, सीटिंग नाही. शिवाय ग्रुप म्हणून आपण सगळ्यात लांबच्या दोन भोकांतलं अंतर मोजतो, म्हणजे बाकीच्या गोळ्यांची माहिती फेकूनच देतो. आणि गोळ्या वाढल्या की ग्रुप आपोआप मोठा होतो, त्याच रायफलचा दहाचा ग्रुप सरासरीनं तीनच्या ग्रुपच्या दीडपटीहून जास्त येतो. म्हणून एकाचा तीनचा आणि दुसऱ्याचा दहाचा ग्रुप शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

मावसभावानं दाखवलेला बदल खोटा आहे असं मी म्हणत नाही, सीटिंगचा परिणाम असतोच. पण त्या तीन भोकांवरून तो सिद्ध होत नाही. जो सेटिंग चांगला वाटला तो आणि जो वाईट वाटला तो, दोन्ही परत भरायचे, आलटून पालटून मारायचे, प्रत्येकी वीस तरी. तेव्हाही फरक राहिला तर तो खरा.

तुझ्या उभ्या पसरण्याबद्दल एक हिशोब करून देतो. .२२ मॅचचा वेग साधारण ३२५-३३० मीटर प्रति सेकंद धर, ५० मीटरला गोळी नळीच्या रेषेपासून साधारण साडेबारा सेंटिमीटर खाली येते. वेगात १ टक्का, म्हणजे तीन-साडेतीन मीटर प्रति सेकंदाचा फरक पडला की हे खाली येणं २ टक्क्यांनी बदलतं, म्हणजे अडीच मिलिमीटर. ५० मीटरच्या टार्गेटवर एक दशांश म्हणजे ०.८ मिलिमीटर. तर एवढ्या वेगाच्या फरकानं तीन दशांश नुसते उभ्यात जातात, तुझी काही चूक नसताना. प्रत्यक्षात नळी वर जात असताना हळू गोळी उशिरा बाहेर पडली तर यातला काही भाग भरून निघतो, ते रायफलवर अवलंबून. एखाद्या रायफलला एखादाच लॉट का आवडतो त्याचं एक कारण हे असावं.

रंकाळा_प्रोन

एकदम झकास उत्तरं दिलीत सगळ्यांनी, मनापासून आभार. बुलेट दाबायचा विषय संपला. थाऊ दादा तुमचं सगळं भावाला पाठवलं, तो टोकापासूनच मोजत होता.

ताई आता पुढचं सांगा. आपल्याला काय बर्मिंगहॅमला जायला जमणार न्हाई. माझ्याकडं आत्ता एका लॉटच्या बऱ्याच डब्या आहेत आणि एका मित्राकडं दुसरे दोन लॉट आहेत, तो रेंजवर मला थोडे मारून बघू देतो म्हणालाय. क्लॅम्प न्हाई. आणि पावसाळा चालू हाय, वारं कसं असतंय ते तुम्हाला माहितीच हाय. अशात टेस्ट करण्यात अर्थ हाय का?

नीलिंग_ताई

अर्थ आहे, पण घाई करू नकोस. वाऱ्याचा दिवस सोडून दे. सकाळी अगदी लवकर, झाडाची पानं हलत नसतात तेव्हा, किंवा पाऊस थांबून हवा पडलेली असते तेव्हा कर. तुझं दुखणं उभ्यातलं आहे हे एक बरं, वाऱ्यानं आडवं जास्त बिघडतं, त्यामुळं थोडं वारं असलं तरी उभं पसरणं वेगळं वाचता येईल.

क्लॅम्प नसला तरी सँडबॅगवर रायफल पुढं आणि मागं दोन्हीकडं टेकवून मार. स्लिंगवर (हाताला बांधायच्या पट्ट्यावर) मारलंस तर तुझी नाडी, श्वास, खांद्याचा दाब सगळं ग्रुपमध्ये येतं आणि मग लॉट बघतोय की स्वतःला बघतोय ते कळत नाही. बॅगवर पण रायफल प्रत्येक वेळी त्याच जागी टेकव, फोर-एंडवर (स्टॉकच्या पुढच्या भागावर) पेन्सिलीनं खूण केलीस तरी चालेल.

लॉट बदलला की लगेच मोजायला सुरुवात करू नकोस. वेगळ्या कंपनीचा असेल तर मेण वेगळं असतं, नळीत आधीच्याचं राहिलेलं असतं. दहा-पंधरा गोळ्या नुसत्या घालव, मग मोज. आणि गणितवाले दादा म्हणतायत तसं आलटून पालटून, पहिला लॉट, दुसरा, तिसरा, परत पहिला. एकच लॉट सकाळी आणि दुसरा दुपारी ऊन आल्यावर मारलास तर तू लॉट नाही, हवा मोजलीस. मित्राच्या डब्या फुकट आहेत म्हणून पाच-पाच गोळ्यांत निकाल लावायचा मोह होईल, तो टाळ. परवडेल तेवढ्या पण प्रत्येकी सारख्याच मार. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक शॉटचे उभे-आडवे आकडे उतरवून घे आणि उभ्याचा पसारा वेगळा काढ, तुझा प्रश्न तोच आहे.

लक्षात ठेव, दहाची रिंग १०.४ मिलिमीटरची आणि गोळी ५.६ ची, रेषेला शिवली तरी दहा मिळतो, म्हणजे गोळीचं मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरपर्यंत चालतं. बॅगवरून चांगला लॉट या आत आरामात राहिला पाहिजे. बॅगवर राहिला आणि स्लिंगवर राहिला नाही तर मग परत पोझिशनकडं यायचं, राउंडवर बिल फाडायचं नाही. आणि चांगला लॉट सापडला तर त्याच दिवशी असोसिएशनकडं विचार तो नंबर अजून मिळतोय का, कारण एकदा संपला की संपला, पुढच्या लॉटला सगळं परत.

डब्या गाडीच्या डिकीत ठेवू नकोस. उन्हात मेण वितळून बुलेटच्या एका बाजूला जमतं. कपाटात, कोरड्या जागी, कुलपात.

कोर्टाच्या_बाजूला

नेमबाजीतलं मला फार कळत नाही, मुलगी मारते म्हणून वाचत असतो, पण एक सांगणं गरजेचं वाटतं कारण नवीन पोरं हा धागा वाचून उत्साहात येतील. टेक्सासचं किंवा कॅनडाचं इथं धरू नका. आपल्याकडं शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणं शस्त्र आणि दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. हातात रायफलचं लायसन आहे म्हणजे घरी काडतूस भरता येतं असं नाही. लायसनवर किती राउंड घ्यायचे आणि किती जवळ ठेवायचे तेही लिहिलेलं असतं. शंका असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्याचं टेबल आहे, तिथं जाऊन लेखी विचारा, मोकळेपणानं सांगतात.

जाता जाता माझा पण एक प्रश्न. मुलगी दुधाळीच्या रेंजवर १० मीटर एअर रायफल मारते. पेलेटच्या (एअर रायफलच्या छऱ्याच्या) डबीवर ४.४९, ४.५० असं लिहिलेलं असतं. हे पण तुमच्या सीटिंगसारखंच काही आहे का?

उद्यमनगर_थाऊ

काका, कायद्याचं लिहिलंत ते फार बरं केलंत, माझ्या पोस्टमध्येच यायला हवं होतं.

हो, बऱ्यापैकी तेच आहे. तो आकडा पेलेटच्या डोक्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पेलेटचं डोकं लँडवर चालतं आणि मागचा घागरा हवेच्या दाबानं फुगून खोबणीत बसतो. डोकं नळीला सैल असेल तर ते डुलत जातं, फार घट्ट असेल तर वेग बदलतो. ०.०१ मिलिमीटर म्हणजे अर्धा थाऊ पण नाही, तरी काही नळ्यांना फरक पडतो, काहींना नाही. मुलीच्या नळीला ४.४९ चांगलं की ४.५० हे डबीवरून कळत नाही, दोन्ही मारूनच बघावं लागतं, आणि तिथं पण लॉट नंबर बघा, नुसता साइज नाही. १० मीटरला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो त्यामुळं क्लॅम्पवरून टेस्ट केलेली बरी, हातानं मारून एवढा फरक दिसणार नाही. आमच्या शॉपवर एक साधा क्लॅम्प करता येईल, तिच्या कोचना विचारा त्यांना चालत असेल तर, स्टॉकला ओरखडा जाऊ नये म्हणून जॉला चामडं लावू.

पेलेट घालताना घागरा वाकडा होऊ देऊ नका, अंगठ्यानं सरळ, दर वेळी सारखं ढकलायचं. डबी खाली पडली तर त्यातले पेलेट मॅचला वापरायचे नाहीत, प्रॅक्टिसला ठेवायचे.

रंकाळा_प्रोन

थाऊ दादा क्लॅम्प झाला तर ५० मीटरवाल्यासाठी पण एक करा की, सामानाचे पैसे आम्ही रेंजवरची पोरं मिळून देतो. रविवारी सकाळी सहाला मी आणि मित्र तिन्ही लॉट घेऊन जातोय, हवा पडलेली असंल तर बॅगवरून करतो आणि उभ्या-आडव्याचे आकडे इथंच टाकतो, गणितवाले दादा तेवढं बघा.